अँझॅक डे आणि आमच्या चावडीवरची पाटी

२५ एप्रिलला पहाटे साडेचार वाजता मेलबर्नमध्ये घराबाहेर पडले, तर रस्ते रिकामे नसतात. एरवी सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊपर्यंत ज्या गल्लीत चिटपाखरू दिसत नाही, तिथूनच त्या दिवशी काळोखात माणसे दोघे-दोघे, चार-चार अशी, पेंगुळलेल्या मुलांना हाताशी धरून स्टेशनकडे निघालेली असतात आणि कोणीही मोठ्याने बोलत नाही. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मला आजोळी काकडआरतीला निघणाऱ्या माणसांची आठवण झाली होती. तशीच दबकी पावले, तशीच अंगाभोवती घट्ट लपेटलेली पांघरुणे, आणि झोपमोड झाली म्हणून कोणाच्याही चेहऱ्यावर त्रासिकपणा नाही. एप्रिलची अखेर म्हणजे इथला शरद ऋतू. तोंडातून वाफ निघण्याइतकी थंडी असते आणि सूर्य वर यायला सात वाजतात.

मला या शहरात येऊन अकरा वर्षे झाली. पहिली दोन वर्षे 'अँझॅक डे' ही माझ्या लेखी केवळ कॅलेंडरमधली एक सुट्टी होती. दुकाने दुपारपर्यंत बंद असतात, तेव्हा भाजी आदल्या दिवशी आणून ठेवायची, एवढाच तिचा अर्थ. तिसऱ्या वर्षी शेजारच्या आजोबांनी कुंपणापलीकडून विचारले, की उद्या पहाटे आमच्याबरोबर येणार का. सत्तरी ओलांडलेले ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी इस्त्री केलेला गडद कोट घालून दाराशी उभे होते आणि त्यांच्या कोटाच्या उजव्या बाजूला तीन पदके ओळीने लावलेली होती. स्वतः मिळवलेली पदके छातीच्या डाव्या बाजूला लावायची आणि बापजाद्यांची उजव्या बाजूला, असा इथला रिवाज आहे. ती त्यांच्या आजोबांची होती. त्यांतला १९१४-१५ असे साल कोरलेला ब्राँझचा तारा मी पुढे झुकून पाहू लागले, तेव्हा त्यांनी तो बोटांनी किंचित उचलून माझ्याकडे वळवला. कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. ते म्हणाले, आजोबांनी हा तारा आयुष्यात एकदाही लावला नाही. त्यांच्या माघारी आजीने तो शिवणाच्या डब्यातून काढून लावायला सुरुवात केली.

शहराच्या मध्यापासून जवळच, सेंट किल्डा रस्त्याच्या कडेला, एका उंचवट्यावर 'श्राइन ऑफ रिमेम्ब्रन्स' नावाची दगडी वास्तू आहे. पहिल्या महायुद्धातील मृतांसाठी व्हिक्टोरिया राज्यातील लोकांनी ती उभारली आणि १९३४ च्या नोव्हेंबरमध्ये ती खुली झाली. तिच्या पायऱ्यांखालच्या हिरवळीवर आम्ही उभे राहिलो. हजारो माणसे होती, पण दिवे मालवल्यावर शेजारच्या माणसाचा श्वास ऐकू यावा इतकी शांतता पसरली. थोडी भाषणे झाली, काही पत्रे वाचली गेली, मग बिगुल वाजले आणि सर्वजण स्तब्ध उभे राहिले. 'आम्ही त्यांना विसरणार नाही' हे वाक्य त्या काळोखातून एकाच वेळी हजारो तोंडांतून, जवळजवळ पुटपुटल्यासारखे, उमटले. लष्करी सोहळा म्हणजे डौल, घोषणा आणि जयजयकार, अशी माझी तोवर समजूत होती. इथे कोणीही जयजयकार केला नाही, कारण ज्या लढाईची ही आठवण आहे, ती हे लोक हरले होते.

ती हकिकत थोडक्यात सांगायला हवी. १९१५ साली ब्रिटन आणि फ्रान्स यांना दार्दानेल्सची सामुद्रधुनी ताब्यात घेऊन कॉन्स्टँटिनोपलपर्यंत पोहोचायचे होते, म्हणजे तुर्कस्तान युद्धाबाहेर जाईल आणि रशियाला रसद पोहोचवण्याचा मार्ग मोकळा होईल. १८ मार्चला केवळ युद्धनौकांच्या बळावर घुसण्याचा प्रयत्न फसला, तेव्हा गॅलिपोलीच्या द्वीपकल्पावर पायदळ उतरवायचे ठरले. २५ एप्रिलला, रविवारी, पहाटे साडेचारच्या सुमारास ऑस्ट्रेलियन सैन्याची बिनीची तुकडी अरिबुर्नूच्या किनाऱ्याला लागली, ब्रिटिशांची २९ वी डिव्हिजन दक्षिणेला हेलेसच्या टोकाशी उतरली आणि फ्रेंच पलीकडच्या आशियाई किनाऱ्यावर. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या एकत्रित कोअरच्या, म्हणजे सैन्यदलाच्या, इंग्रजी नावातील आद्याक्षरे जुळवून 'अँझॅक' हा शब्द झाला आणि त्या अरुंद किनाऱ्यालाही तेच नाव चिकटले. पुढे १९८५ मध्ये तुर्की सरकारने ते अधिकृतही केले. ज्या देशावर हे लोक चालून गेले होते, त्याने आपल्या भूमीवर त्यांचे नाव ठेवू द्यावे, ही मला साऱ्या कथेतील फार मोठी गोष्ट वाटते.

श्राइनच्या तळघरातील दालनात त्या दिवशीची एक खरीखुरी होडी ठेवली आहे. 'डेव्हान्हा' नावाच्या जहाजाची ती जीवरक्षक होडी. हे जहाज पी अँड ओ कंपनीचे होते, म्हणजे ज्या कंपनीच्या आगबोटी त्या काळी मुंबई बंदराला नेहमी लागत, तिचेच. होडीपाशी उभे राहिले, की पुस्तकातल्या बाणांनी भरलेल्या नकाशातून कळत नाही ते कळते. बाजूच्या फळ्या इतक्या बुटक्या आहेत, की आत बसलेल्या माणसाची छाती आणि डोके पूर्ण उघडे राहते. अशा होड्या एकामागे एक दोराने बांधून वाफेच्या लहान नौका त्यांना किनाऱ्याजवळ ओढत आणत, मग दोर सोडून देत, आणि शेवटचे अंतर वल्ही मारून कापावे लागे. प्रत्येकाच्या पाठीवर तीन दिवसांचा शिधा होता, जवळ दोनशे गोळ्या होत्या, आणि उजाडेपर्यंत बंदूक चालवायची नाही, संगिनीवरच भागवायचे, असा हुकूम होता. काही होड्यांच्या सुकाणूवर नौदलातील पंधरा-सोळा वर्षांचे उमेदवार बसले होते. ज्यांनी घाईने पाण्यात उड्या टाकल्या आणि ज्यांना तळ लागला नाही, त्यांच्यातले काही पाठीवरच्या ओझ्याने गोळी न लागताच बुडाले.

शिवाय होड्या ठरलेल्या जागेपासून सुमारे मैलभर उत्तरेला लागल्या. समोर सपाट शेत नव्हते. काटेरी झुडपांनी भरलेले उभे कडे आणि घळी होत्या. त्या दिवसभरात जवळपास १६ हजार माणसे त्या किनाऱ्यावर उतरली आणि रात्र पडेपर्यंत त्यांतली दोन हजारांहून अधिक मेली तरी होती किंवा जखमी तरी. मुस्तफा केमाल नावाच्या तेव्हा फारशा परिचित नसलेल्या तुर्की अधिकाऱ्याने आपली ५७ वी रेजिमेंट धावत आणून वरचे डोंगर राखले आणि पुढचे आठ महिने कोणीच कोणाला हलवू शकले नाही. २० डिसेंबरला पहाटे अँझॅकचा किनारा गुपचूप रिकामा करण्यात आला. ऑस्ट्रेलियाचे आठ हजारांहून अधिक आणि न्यूझीलंडचे अडीच हजारांहून अधिक लोक तिथेच राहिले; तुर्कांचे त्यांच्या कैक पटींनी. आपल्या मातीचे रक्षण करताना पडलेल्या त्या तुर्की शिपायांचाही इथल्या भाषणांत दरवर्षी आदराने उल्लेख होतो.

माझ्या मनात हा विषय रुजला तो मात्र होडीमुळे नव्हे. श्राइनच्या आवारात एक लहानसा ब्राँझचा पुतळा आहे: एक शिपाई, एक गाढव आणि गाढवावर बसलेला एक जखमी. इथल्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला हा शिपाई माहीत असतो. जॉन सिम्प्सन कर्कपॅट्रिक त्याचे नाव. इंग्लंडमध्ये जन्मलेला, जहाजावरचे काम सोडून ऑस्ट्रेलियात राहिलेला, आणि सैन्यात तिसऱ्या फील्ड अँब्युलन्समध्ये स्ट्रेचर उचलणारा. किनाऱ्यावर मिळालेल्या गाढवाच्या पाठीवर जखमींना बसवून तो दरीतून खाली आणत असे आणि अवघ्या साडेतीन आठवड्यांनी, १९ मे रोजी, त्याच वाटेवर मारला गेला. हे सगळे पुतळ्याखाली उभ्या असलेल्या एका स्वयंसेविकेने मला सांगितले आणि मग सहज म्हणाली, तो राहायचा मात्र तुमच्या लोकांबरोबर.

मला वाटले, मी चुकीचे ऐकले. पण ते खरे होते. सिम्प्सन आपल्या तुकडीच्या तळावर न राहता भारतीय खेचरवाल्यांच्या तळावर मुक्काम करी, तिथेच त्याची गाढवे चारा खात आणि तिथेच तोही जेवे; ते लोक त्याला 'बहादूर' म्हणत. मी त्या पुतळ्याकडे पुन्हा पाहिले. शंभर वर्षे ज्याची गोष्ट मुलांना सांगितली जाते, त्या माणसाला रोज रात्री भाकरी कोणी दिली, हे त्या ब्राँझमध्ये कुठेच नव्हते.

मग मी वाचत गेले. ऑस्ट्रेलियन सैन्याकडे डोंगरात नेता येईल असा तोफखाना नव्हता. त्यांच्या मोठ्या तोफा त्या कड्यांवर चढवणे पहिल्या दिवशी जवळजवळ अशक्य होते. सुएझ कालव्याच्या रक्षणासाठी इजिप्तमध्ये आलेला भारतीय सैन्याचा सातवा पहाडी तोफखाना म्हणूनच त्यांच्याबरोबर दिला गेला. त्यात दोन बॅटऱ्या, म्हणजे तोफांच्या तुकड्या, होत्या, २१ वी कोहाट आणि २६ वी जेकब्ज, आणि त्यांतील गोलंदाज पंजाबातील मुसलमान आणि शीख. त्यांच्या दहा पौंडी तोफेची नळी दोन तुकड्यांत असे. तुकडे, चाके, गाडा असे सगळे सुटे करून वेगवेगळ्या खेचरांवर लादायचे, चढण चढायची आणि वर पोहोचल्यावर नळीचे दोन्ही भाग स्क्रूप्रमाणे एकमेकांत फिरवून घट्ट बसवायचे. २५ एप्रिलच्या सकाळी साडेदहाच्या सुमारास २६ वी बॅटरी किनाऱ्याला लागली आणि दुपारपर्यंत तिच्या तोफा वरच्या पठारावर बोलू लागल्या. सकाळपासून शत्रूच्या तोफांचा मारा निमूटपणे सोसणाऱ्या पायदळाला त्या दिवशी ऐकू आलेला आपल्या बाजूच्या पहाडी तोफांचा पहिला आवाज हा होता. तुर्कांनी त्या जागेवर असा भडिमार केला, की काही तासांतच बॅटरीला मागे यावे लागले. पण ती किनारा सोडून गेली नाही. या दोन्ही बॅटऱ्या शेवटपर्यंत, डिसेंबरच्या माघारीपर्यंत, तिथे होत्या.

आणि खेचरवाले. त्यांना लष्करी बोलीत 'ड्राबी' म्हणत; इंग्रजी 'ड्रायव्हर' शब्दाचे आपल्या लोकांच्या तोंडी झालेले हे रूप. त्या किनाऱ्यावर पुरेसे पाणी नव्हते. ते जहाजांतून आणावे लागे, किनाऱ्यावर उतरवावे लागे, आणि मग टिनांत भरून डोंगरावरच्या खंदकांपर्यंत चढवावे लागे. तेच दारूगोळ्याचे आणि तेच शिध्याचे. हे काम बहुतेक रात्री चाले, कारण दिवसा वाट तुर्की नेमबाजांच्या टप्प्यात असे. लढणाऱ्याच्या हाती निदान बंदूक असते. ड्राबीच्या हाती लगाम असे, आणि गोळे पडू लागले की बिथरलेल्या जनावराला सोडून त्याला आडोसाही घेता येत नसे. वीरकथा सांगताना पाणी वाहणाऱ्याची आठवण सर्वांत शेवटी होते, हे आपल्याकडेही खरे आहे. परंतु आठ महिने तो कडा टिकला तो या पाण्यावर, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

या सहवासाची एक खूण मला फार आवडते. ऑस्ट्रेलियन शिपायांना मिळणारी बिस्किटे इतकी कडक असत, की काही जण ती किसून, भिजवून, लापशी करून खात. भारतीयांच्या तळावर कणीक, डाळ, तूप आणि गूळ येई. संध्याकाळी तव्यावर चपात्या पडू लागल्या, की वास घेत घेत ऑस्ट्रेलियन पोरे तिथे येत आणि आपल्याजवळचे काहीबाही देऊन गरम चपात्या घेऊन जात. आज अँझॅक डेला इथे घरोघरी ओट्स, खोबऱ्याचा कीस आणि साखरेचा पाक घालून बिनअंड्याची 'अँझॅक बिस्किटे' करतात. माझी मुलगी शाळेतून ती घेऊन आली, तेव्हा मी तिला या चपात्यांची हकिकत सांगितली. पुढच्या वर्षी तिने वर्गात ती सांगितली आणि बाईंनी विचारले म्हणून मी सहावीच्या मुलांसाठी तीस चपात्या लाटून, गूळ-तुपाची गुंडाळी करून नेल्या.

दक्षिणेला, हेलेसच्या बाजूला, भारतीय पायदळाची २९ वी ब्रिगेड मे महिन्याच्या सुरुवातीला आली. तिच्यातील १४ व्या शीख पलटणीने ४ जून १९१५ रोजी एका दिवसात आपली सुमारे चार पंचमांश माणसे गमावली. ९ ऑगस्टला सहाव्या गुरखा पलटणीचे शिपाई उत्तरेला, अँझॅकच्या बाजूला, सारी बैर डोंगराच्या कण्यावर पोहोचले. ज्या सामुद्रधुनीसाठी हा सारा खटाटोप होता, तिचे पाणी त्यांना तिथून खाली दिसले, आणि थोड्याच वेळात त्यांच्यावर तोफगोळे कोसळून त्यांना मागे यावे लागले. गॅलिपोलीत मिळून सुमारे १६ हजार भारतीय होते आणि त्यांतले दीड हजाराच्या आसपास परतले नाहीत. हेलेसच्या मोठ्या स्मारकावर वीस हजारांहून अधिक नावे आहेत. कबर नसलेल्या भारतीय शिपायांची नावेही त्यांच्यातच आहेत.

नावांपाशी मी थांबते, कारण मला जे लिहायचे आहे ते नावांविषयीच आहे.

या देशात तुम्ही कुठल्याही खेड्यात गेलात, अगदी चारशे वस्तीच्या, तरी चौकात एक दगडी स्तंभ आणि त्यावर नावांची यादी असते. आडनाव, पुढे आद्याक्षरे, आणि सख्ख्या भावांची नावे एकाखाली एक. याचे कारण मला बरेच उशिरा कळले. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या पन्नास लाखांच्याही आत होती आणि त्या देशाचे सुमारे ६० हजार लोक मेले. त्यांच्यापैकी कोणाचाही देह मायदेशी आणायचा नाही, असा त्या वेळचा नियम होता. गॅलिपोली किंवा फ्रान्सपर्यंत प्रवास करणे त्या आयांना शक्य नव्हते. तेव्हा गावातला स्तंभ हीच कबर झाली आणि त्यावरचे नाव हाच हात फिरवण्यासाठी उरलेला देह. मेलबर्नहून दीड तासावर बॅलरॅट आहे. तिथे एका कपड्यांच्या कारखान्यातील कामगार मुलींनी पुढाकार घेऊन गावातून गेलेल्या प्रत्येकासाठी एकेक झाड लावले. रस्त्याच्या दोन्ही कडांना अशी पावणेचार हजारांच्या आसपास झाडे आणि प्रत्येकापाशी नावाची पट्टी. आम्ही एका शनिवारी तिथे गेलो होतो. एक बाई मुलाला घेऊन एका झाडापाशी उभी होती आणि मुलगा पट्टीवरची पालापाचोळ्याची धूळ बाहीने पुसत होता.

त्या संध्याकाळी मला आजोळच्या चावडीवरची पाटी आठवली.

माझे आजोळ सातारा जिल्ह्यात आहे. चावडीच्या भिंतीत, नोटिसांच्या फळ्याशेजारी, एक संगमरवरी पाटी बसवलेली आहे. लहानपणी आम्ही तिच्याखालच्या ओट्यावर गजगे खेळायचो. तिच्यावर इंग्रजीत लिहिले आहे, की या गावातून महायुद्धासाठी २३ माणसे गेली आणि त्यांपैकी ७ जणांनी प्राण दिले. पुढे १९१४-१९१९ अशी वर्षे. संपले. नाव एकही नाही. अशा पाट्या भारतभरातल्या गावांत आहेत आणि सर्वांचा मजकूर साच्यातून काढल्यासारखा सारखा; बदलतात ते फक्त दोन आकडे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून त्या युद्धात ४६ जण कामी आले आणि आजही ते गाव 'मिलिटरी अपशिंगे' म्हणून ओळखले जाते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. आमच्या गावाला तसे नाव मिळाले नाही. मी आजीला एकदा विचारले होते, तेव्हा ती म्हणाली होती, "जर्मनच्या लढाईला गेली हुती ती. बसऱ्याला." त्यापलीकडे तिलाही काही सांगता आले नव्हते.

बसरा. आजीचा तो शब्द किती नेमका होता, हे मला इथे येऊन कळले. गॅलिपोलीच्या जवळपास सहा महिने आधी, ६ नोव्हेंबर १९१४ रोजी, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, शत अल-अरब नदीच्या मुखाशी फाओ येथे भारतीय सैन्य असेच किनाऱ्यावर उतरले होते. किल्ल्यावर नौदलाने तोफा डागल्या आणि मग पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनची १६ वी ब्रिगेड त्या दलदलीच्या किनाऱ्याला लागली. त्या ब्रिगेडमध्ये ११७ वी मराठा पलटण होती. नोव्हेंबरच्या अखेरीआधी बसरा हाती आले, पुढे १०३ वी आणि ११० वी मराठा पलटणही त्याच मोहिमेत गेली, आणि बगदादच्या वाटेवर पराभव झाल्यावर या तिन्ही पलटणी ७ डिसेंबर १९१५ पासून कुत अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या.

आता या तारखा शेजारीशेजारी मांडून पाहा. पहिला अँझॅक डे २५ एप्रिल १९१६ रोजी पाळला गेला. लंडनच्या रस्त्यांतून ऑस्ट्रेलियन शिपायांचे संचलन झाले, सिडनी-मेलबर्नमध्ये प्रार्थना झाल्या. त्याच दिवशी कुतमध्ये साताऱ्या-रत्नागिरीचे शिपाई उपाशी होते. घोडे आणि खेचरे कापून खाण्याची पाळी आली होती. चार दिवसांनी, २९ एप्रिलला, कुतने शरणागती पत्करली. सुमारे १३ हजार माणसे कैद झाली आणि त्यांतली हजारो पुढच्या वाळवंटातील पायपिटीत आणि कैदेत मेली. एका सैन्याच्या स्मरणाची परंपरा ज्या आठवड्यात सुरू झाली, त्याच आठवड्यात दुसरे सैन्य विस्मरणात निघून गेले. हा योगायोग माझ्या ध्यानात आल्यापासून अँझॅक डेच्या पहाटे त्या शांततेत उभी असताना मी दोन्ही किनाऱ्यांवरच्या लोकांचे स्मरण करते.

मेसोपोटेमियात पडलेल्यांसाठी बसऱ्याचे स्मारक बांधले गेले. त्यावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. ब्रिटिश शिपायांची नावे दगडावर कोरली गेली, भारतीय अधिकाऱ्यांचीही. साध्या भारतीय शिपायाचे नाव मात्र कोरले नाही; प्रत्येक पलटणीपुढे तिच्या मृतांची संख्या तेवढी लिहिली. १९९७ मध्ये ते स्मारकच मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या बाजूला वाळवंटात नेण्यात आले. २०२१ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने आपलाच अहवाल प्रसिद्ध करून, आशिया आणि आफ्रिकेतील मृतांना त्या काळी समान वागणूक दिली गेली नाही, हे मान्य केले आणि त्याबद्दल क्षमा मागितली. तो अहवाल अँझॅक डेच्या तीन दिवस आधी आला होता. आमच्या चावडीवरची पाटी आणि बसऱ्याची भिंत या दोन्हींमागे एकच हिशेब होता, हे वाचताना मला फार लागले: त्यांच्या लेखी आपली माणसे मोजायची होती, ओळखायची नव्हती.

पण कारकुनांनी नावे लिहून ठेवली होती. दगडावर नसली तरी ती नोंदवहीत होती, आणि आता आयोगाच्या नोंदींत ती घरबसल्या शोधता येतात. हुद्दा, क्रमांक, पलटण, मृत्यूची तारीख, आणि कित्येकदा वडिलांचे किंवा पत्नीचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही. गेल्या वर्षी अँझॅक डेच्या दुपारी, श्राइनवरून परतल्यावर, मी ११७ व्या मराठा पलटणीच्या नोंदी उघडल्या आणि गावाच्या नावाने शोधू लागले. सापडेना. मग ध्यानात आले, की 'ळ' आणि 'ण' त्या इंग्रजी वळणाच्या कारकुनाच्या कानावर कसे पडले असतील, याचा विचार करून शोधायला हवे. गावाचे नाव मी वेगवेगळ्या स्पेलिंगांनी लिहून पाहिले. सहाव्या स्पेलिंगला पहिली नोंद समोर आली. खाली वडिलांचे नाव, आणि आडनाव आमच्या आजोळच्या वरच्या आळीतले.

त्या आठवड्यात १०३ व्या आणि ११० व्या पलटणीतल्याही नोंदी चाळून मी एकूण चार जणांपर्यंत पोहोचले. पाटीवरचे सात खरे मानले, तर तिघे अजून राहिले आहेत. त्यांच्या घरच्यांना विचारल्यावाचून ती नावे इथे लिहिणे मला योग्य वाटत नाही. रविवारी मी मामांना फोन केला. मामा एकोणऐंशी वर्षांचे आहेत आणि आयुष्यभर त्या पाटीसमोरून गेले आहेत. मी पहिले नाव सांगितले, वडिलांचे सांगितले. ते म्हणाले, "थांब, चष्मा घेतो. लिहून घ्यायला पाहिजे." मग कागद चाचपडल्याचा आवाज आला. मी पुन्हा सांगितले, ते प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत लिहीत होते. आडनावापाशी आल्यावर म्हणाले, "अगं, हा तर आपल्या वरच्या घरचा. त्यांच्या जुन्या घरात एक पितळी बिल्ला होता खुंटीला. पोरं गळ्यात घालून हिंडायची. संध्याकाळी धारेच्या वेळेला सगळी घरात असतात, तेव्हा जाऊन येतो." आणि क्षणभराने म्हणाले, "दुसरं सांग. सावकाश."